पुलाला नाव कुणी विचारलं?

तीर्थरूप ताईच्या चरणी,

गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून हा नमस्कार लेखणीनेच खाली वाकून केला आहे, तो गोड मानून घे. तुझी प्रकृती कशी आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस की बाटली खिडकीत ठेवून तिच्याकडे नुसती बघतेस? जिना चढताना कठड्याला धरतेस ना? चिरंजीवांचा दवाखाना कसा चालला आहे? गर्दी असते का? (हे सहज विचारलं. लहानपणापासून माझ्या प्रत्येक प्रश्नात हेतू शोधायची तुला खोड आहे, ती या वयात तरी सोड.) इकडे सगळं क्षेम आहे. नुसतं क्षेम नाही, निवांत आहे. मी हे पत्र खिडकीशी बसून लिहितो आहे, चहा निवलेला आहे आणि मला त्याचं काहीही वाटत नाही, यावरून ओळख. गेल्या पंधरवड्यात जे झालं ते सांगायला बसलो आहे. पण शेवट गोड आहे हे आधीच सांगतो, नाहीतर तू दुसऱ्या पानावरच डोळ्यांना पदर लावशील आणि थेंब वाया जातील.

तर झालं असं, की आमच्या धाकटीचा आवाज गेला. बसला नव्हे, गेलाच. चौथीच्या वर्गात तीन वर्षं चाळीस पोरांपुढे बोलून बोलून एका सकाळी तिने मला 'बाबा, चहा' म्हणायला तोंड उघडलं तर आतून नुसती हवा आली. डॉक्टरांनी घशात दिवा घालून पाहिलं आणि दहा दिवस एक अक्षर बोलायचं नाही, खडूची धूळ घ्यायची नाही, अशी तंबी दिली. कुजबुजायलासुद्धा बंदी. (कुजबुजण्याने घसा जास्त बिघडतो म्हणे. हे मला माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत माहीत असतं, तर मागच्या बाकांवरची किती पोरं मी आरोग्याच्या कारणावरून गप्प केली असती!) तेव्हापासून ती गळ्यात पाटी अडकवून घरात वावरू लागली आणि मी तिच्याशी, का कोण जाणे, मोठ्याने बोलू लागलो. ती पाटीवर लिहायची, 'मला ऐकू येतंय बाबा.'

आता खरी अडचण ऐक. तिची नोकरी तीन वर्षं हंगामी आहे, हे तुला ठाऊक आहेच. ती कायम व्हायची की नारळ मिळायचा, हे एका तपासणीवर ठरायचं होतं, आणि ती तपासणी नवव्या दिवशी. तारीख पुढे ढकलता येत नाही, असं मुख्याध्यापकांनी तीन ठिकाणी फोन करून आणि चौथ्या ठिकाणी रागावून घेऊन पक्कं केलं. तपासणीही आपल्या वेळची नव्हे. आपल्या वेळी तपासनीस यायचे, पाढे विचारायचे, एखाद्याला उभं करून कविता म्हणून घ्यायचे आणि चहा पिऊन जायचे. आता म्हणे मुलांची उच्चस्तरीय विचार कौशल्ये तपासतात. म्हणजे मुलाला काय येतं ते नाही बघत. न येणारी गोष्ट समोर आली की ते डोकं कसं चालवतं, ते बघतात. हे मला धाकटीने पाटी चार वेळा पुसून समजावलं. मी म्हटलं, न येणाऱ्याचे गुण द्यायचे असतील तर माझ्या वर्गातली निम्मी पोरं पहिली आली असती. ती हसली, पण हसण्यालाही बंदी असल्यामुळे नुसते खांदे हलले.

बदली शिक्षक मिळेना. तेव्हा मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. (ते माझ्याच हाताखाली शिकलेले. 'सर, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे' असं म्हणताना त्यांनी अजून हाताची घडी घातलेली होती.) मी विचार करतो म्हणालो, पण खरं सांगतो ताई, माझी पावलं तोवर निघालीसुद्धा होती. अकरा वर्षांनी वर्गात जायचं! तो ओल्या फळ्याचा वास, ती दप्तरं आपटल्याची पहिली गडगड, आणि चौथीचं पुस्तक! पुस्तकं किती बदलली, चित्रं रंगीत झाली, धडे आले आणि गेले, पण आपली 'पुलाचं गाणं' ही कविता कशी कोण जाणे प्रत्येक बदलातून तग धरून राहिली आहे. पान बेचाळीस. उघडलं आणि मी तिथल्या तिथे आठ वर्षांचा झालो:

पाठीवरुनी गेले सारे, कुणी न पुसले नाव मला;
नदी धावते, लोक धावती, थांबायाचे काम मला.

आहा! छत्तीस वर्षं शिकवली मी ही कविता. एकही वर्ष असं गेलं नाही, की 'थांबायाचे' म्हणताना माझा आवाज दाटला नाही. मुलं वाट बघत असायची, सर आता रडतात का म्हणून.

ही कविता निघाली की मला तुझी आठवण होते, आणि कोणत्या प्रसंगाची ते तुला सांगायला नको. पाठांतराची स्पर्धा, शाळेचं मोठं दालन, मी मंचावर, तू तिसऱ्या रांगेत. घरी सराव करताना अडलो की तू प्रत्येक ओळीचा पहिला शब्द नुसता ओठांनी पुरवायचीस आणि पुढचं माझं मला धावत यायचं. त्या दिवशी दोन ओळी म्हटल्या, तिसरीला अडलो, तुझ्याकडे पाहिलं, आणि तू तोंड मिटून बसलेली! डोळे माझ्यावर, पण ओठ शिवल्यासारखे. केवढी ती शांतता. शेवटी मी पदरच्या दोन ओळी ठोकून दिल्या आणि मंचावरून पळालो. बक्षीस गेलं. (मी याबद्दल साठ-बासष्ट वर्षांत कधी काही बोललो नाही आणि आताही बोलत नाही. नुसतं नमूद केलं.) पण त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की माझ्यासमोर कुठलंही मूल असं अडून उभं राहणार नाही. म्हणून पुढे शिक्षक झालो तो मुळी पहिला शब्द पुरवणारा शिक्षक म्हणूनच. मूल अडलं रे अडलं, की माझ्या तोंडून शब्द आलाच. माझ्या वर्गात शांतता कधी तीन मात्रांहून जास्त टिकली नाही. लोक माझ्या वर्गाला झरा म्हणायचे.

आता तू म्हणशील, यात वाईट काय? वाईट हे, की धाकटीने पहिल्याच सकाळी मला एक खोका दिला आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून खाली दोन रेघा ओढल्या: 'उत्तर सांगायचं नाही.'

खोक्यात प्रश्नांच्या चिठ्ठ्या होत्या. 'शाळेला भिंतीच नसत्या तर काय काय बदललं असतं?' 'दोन मित्रांची एकाच भांडणाची हकीकत वेगळी आहे, कुणाची पटते आणि कशावरून?' 'पुलाच्या गाण्यातला पूल कसा आहे असं तुला वाटतं?' प्रश्न छानच. मी उत्तरासाठी चिठ्ठी उलटली. मागे कोरं. दुसरी उलटली, कोरी. सगळी चळत उलटी केली. मग वाटलं, उत्तरांचं पाकीट वेगळं असणार, गोपनीय असणार. म्हणून कपाट उघडलं, खण उपसले, शिपाईबुवांना विचारलं. ते म्हणाले, 'बाईंच्या प्रश्नांना उत्तरं नसतात सर, मी तीन वर्षं झाडतोय, एकही सापडलं नाही.' अरे देवा! ताई, ज्या माणसाने छत्तीस वर्षं प्रश्नाच्या शेजारी कंसात गुण आणि मागच्या पानावर उत्तर पाहिलं, त्याला हे म्हणजे जिन्याच्या वरच्या टोकाला खोलीच नसावी असं झालं.

तपासायचं कसं, तर त्यालाही गुण नाहीत. चार पायऱ्या. मुलाने नुसतं उत्तर दिलं की पहिली पायरी. 'कारण' दिलं की दुसरी. 'कशावरून' ते दाखवलं की तिसरी. आणि दुसऱ्याचं ऐकून स्वतःचं मत तपासलं, हवं तर बदललं, की चौथी. मी पहिल्या दिवशी भिंतींचा प्रश्न घातला. मला मुलांची नावं लक्षात राहत नाहीत (कविता राहतात), म्हणून मी आपली टोपणनावं ठेवली होती. एक मुलगा सतत बाहेर बघतो, तो 'खिडकी'. एक सगळ्यात बुटका आणि त्याच्या हातात कायम झिजलेलं पेन्सिलीचं टोक, तो 'अर्धी पेन्सिल'. आणि एक मुलगी प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू करते, ती 'पणबाई'. तर 'खिडकी'ने लिहिलं होतं, 'भिंती नसत्या तर मी बाहेर बघितलं नसतं, कारण सगळंच बाहेर असतं.' मी त्याला अवांतर म्हणून शून्य दिलं. दुसऱ्या एकाला अक्षर वाईट म्हणून एक पायरी खाली उतरवलं. तिसरीला साडेतीन पायऱ्या दिल्या. वह्या घरी नेल्या तेव्हा धाकटीने त्या पाहून पाटी हातात घेतली, लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. बोलता येत नसतानाही तिला शब्द सापडेनात, इतकं मी कर्तृत्व गाजवलं होतं. शेवटी एवढंच लिहिलं, 'शून्यवाला सगळ्यात चांगला आहे बाबा.'

आणि ती शांतता! प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजायचं, तोवर तोंड उघडायचं नाही, हा तिचा नियम. मी दोनपर्यंत पोचायचो. तिनाला जिभेच्या टोकावर शब्द यायचा आणि चाराला तो वर्गात पडलेला असायचा. मुलंही हुशार. त्यांना दोन दिवसांत कळलं, की आजोबासर (हे माझं तिथलं नाव) गप्प बसलेल्याला पहिला शब्द देतात. मग ती आनंदाने गप्प बसू लागली. मी उपाय केले. पेपरमिंट धरलं, चावून टाकलं. तोंडात पाण्याचा घोट धरला, तर 'अर्धी पेन्सिल'ने विचारलं, 'सर, तुम्ही बोलत का नाही?' आणि मी 'बोलतो की!' म्हणालो. हजेरीपटावरची अ ते क सगळी नावं ओली झाली.

शेवटी मी माझ्या वाटेने गेलो. मी असा विचार केला, की तपासणीत मुलं अडली तर धाकटीची नोकरी जाते. मुलं अडू नयेत यासाठी या जगात एकच औषध आहे, ते म्हणजे चालीत पाठ करणं. मग विचार का पाठ होऊ नये? (हसू नकोस. तेव्हा मला हे फार पटलं होतं.) मी एकेका चिठ्ठीवर बसून उत्तरं रचली, कारणासकट, 'कशावरून'सकट, आणि ती सगळी 'पुलाचं गाणं'च्या चालीत बसवली. पुलाच्या प्रश्नाचं उत्तर नमुन्यादाखल देतो:

पूल कसा? तर दुःखी आहे! कशावरुन? तर ऐका हो!
नाव न पुसले म्हणून दुःखी, विचार केला आम्ही हो!

यात पहिली, दुसरी आणि तिसरी पायरी दोन ओळींत आहे, बघ. चौथीसाठी मी मुलांना 'हो' म्हणताना मान डावीकडून उजवीकडे वळवायला शिकवली, म्हणजे मत तपासल्यासारखं दिसतं. चार दिवसांत चाळीस मुलं एका सुरात विचार करू लागली. धाकटीला मी काही बोललो नाही. म्हटलं, तिला त्या दिवशीच कळू दे.

तिला त्या दिवशी कळलं.

तपासनीस बाई आल्या. साध्या, पांढरे केस, हातात एक वही आणि टोपण नसलेलं पेन. मला वाटलं होतं कुणी करडं येईल. या तर बाकाच्या कडेला मुलांबरोबर बसल्या. मुख्याध्यापक दारात हाताची घडी घालून. धाकटी सगळ्यात मागे, गळ्यात पाटी, आणि चेहऱ्यावर ती तिची लहानपणीची परीक्षेच्या सकाळची कळा. बाईंनी खोक्यात हात घालून चिठ्ठी काढली आणि नेमकी पुलाचीच निघाली. त्यांनी विचारलं, 'काय रे मुलांनो, हा पूल कसा आहे असं वाटतं तुम्हाला?'

चाळीस तोंडं उघडली. चाल लागली. माना वळल्या. शेवटचा 'हो' तर असा घुमला, की बाहेरून जाणारे शिपाईबुवा थांबले. मी मोठ्या अभिमानाने मागे पाहिलं, आणि ताई, धाकटीने डोळे मिटले होते. पाटी तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, जशी लहानपणी पाढे चुकले की धरायची. मी चटकन पुढे वळलो.

बाई म्हणाल्या, 'चाल छान आहे. पण कशावरून म्हणता?' मुलांनी परत तेच म्हटलं, कारण त्यात 'कशावरून' होतंच. बाईंनी पेन वहीवर टेकवलं. 'गाणं झालं. आता गाणं नको. तुम्हाला काय वाटतं?'

आणि झाली शांतता. तीच ती, दालनातली, साठ वर्षांपूर्वीची! एक. दोन. माझ्या जिभेवर शब्द आला, मागे धाकटीने पाटी उंच केली. त्यावर आदल्या संध्याकाळी माझ्याकडून घेतलेली शपथ लिहिलेली होती: 'पहिला शब्द नाही.' तीन. मला माझी खात्री नव्हती. तोंडाला कुलूप हवं होतं आणि तोंडाला कुलूप असं माझ्याकडे एकच. दातांशिवाय मी चारचौघांत बोलत नाही हे तुला माहीत आहे. दात नसले की माझ्या प्रत्येक शब्दाची हवा होते. मी फळा पुसायच्या निमित्ताने वळलो, कवळी काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. मग वळून उभा राहिलो. सात. आठ. ताई, दहा आकडे मोजायला किती वेळ लागतो, हे मला त्या दिवशीपर्यंत माहीत नव्हतं. त्यात एक नदी वाहून जाते.

नऊला 'पणबाई' उभी राहिली.

'पण बाई, तो दुःखी नसेलही.'

'कशावरून?'

'पण हे गाणं पूल स्वतःच म्हणतोय ना. कुणी विचारलं नाही असं तो कुणाला तरी सांगतोय. म्हणजे कुणीतरी थांबलं असणार. थांबल्याशिवाय त्याला कसं ऐकू आलं?'

मी खुर्चीची पाठ धरली. छत्तीस वर्षं, ताई! छत्तीस वर्षं मी त्या पुलावरून रडत रडत गेलो आणि मला हे कधी दिसलं नाही. तेवढ्यात 'खिडकी' बाहेर बघता बघताच म्हणाला, 'अगं, पण थांबलेल्यानेसुद्धा नाव विचारलं नाहीच. कवितेत नाव कुठंय?' त्यावर ती दहा आकडे गप्प झाली (मी मोजले) आणि म्हणाली, 'हो. मग थोडा दुःखी आहे. सगळा नाही.' चौथी पायरी! मान न वळवता! आणि मग धरणच फुटलं. कुणी म्हणे पुलाला नाव नसतंच, कुणी म्हणे नदीने विचारलं असेल, तिला घाईत ऐकू आलं नसेल, कुणी म्हणे थांबलेला माणूस लाजाळू असणार. प्रत्येकाच्या मागे दुसरं कुणीतरी 'कशावरून?' विचारत होतं. तो शब्द माझा नव्हे. तो धाकटीचा. ती तीन वर्षं रोज तेवढा एकच शब्द वर्गात पेरत होती आणि मी आठ दिवस त्याच्यावर चाल लिंपत होतो. माझं आठ दिवसांचं शिकवणं डोळ्यांदेखत पाण्यात गेलं, आणि खरं सांगतो, शिकवणं वाया गेल्याचा एवढा आनंद मला उभ्या आयुष्यात झाला नव्हता.

इथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण बाईंना हुरूप आला. त्यांनी विचारलं, 'आता मला सांगा, आज कुणी न सांगता, स्वतःहून काय शोधून काढलंत?'

'अर्धी पेन्सिल' बाकावर चढून उभा राहिला. 'आजोबासरांचे दात त्यांच्या खिशात आहेत.'

मुख्याध्यापकांची घडी सुटली. बाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, 'कशावरून?'

'मघाशी सरांचे गाल भरलेले होते. फळा पुसून वळले तर आत गेलेले. आणि खिशाला ओला डाग आहे.'

'दात दुखत असतील,' दुसऱ्या बाकावरून आवाज आला.

'दुखले असते तर हात गालावर असता. सरांचा हात खिशावर आहे.'

(मी हात काढला. उशीर झाला होता.)

'मग काढले कशाला?' बाईंनी विचारलं, आणि त्याने कमरेवर हात ठेवून, एखाद्या वकिलासारखं, सांगितलं, 'सर रोज आम्हाला पहिला शब्द सांगतात. आज सांगायचा नव्हता म्हणून काढून ठेवले.' त्यावर पणबाई उठलीच. 'पण मला वाटतं, आज सरांनाही उत्तर माहीत नव्हतं. माहीत असतं, तर त्यांनी दातांशिवायसुद्धा सांगितलं असतं.' सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. मी कवळी चटकन रुमालात गुंडाळून मागच्या मागे दडवली आणि मान हलवली. खरं होतं ते. दोन्ही खरं होतं.

बाई इतक्या हसल्या, की पेन खाली पडलं. मग त्या धाकटीकडे वळून म्हणाल्या, 'बाई, हे तुम्ही शिकवलंत?' आणि आमच्या मुलीने पाटी पुसली, लिहिलं आणि उंच धरली: 'मी फक्त विचारलं.' बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. त्या दारातून बाहेर पडल्या तेव्हा मी मोठ्याने 'हुश्श' करून खुर्चीत बसलो.

दोन दिवसांनी कागद आला. धाकटी कायम! तिने तो वाचला, मला दिला आणि दहा दिवस पूर्ण झालेले असल्यामुळे पहिला शब्द बोलली. कुठला ते सांगत नाही. ते माझ्याकडेच राहू दे. आवाज अजून खरखरीत आहे, पण घर भरलं. कागदाच्या तळाशी शेऱ्यात बाईंनी लिहिलं आहे, 'वर्गात उपस्थित ज्येष्ठ गृहस्थांनी विद्यार्थ्यांस विचारासाठी अत्यंत मोलाची सामग्री पुरवली.' मी तो शेरा वेगळ्या कागदावर उतरवून घेतला आहे. आयुष्यभर शेरे दिले ताई, मिळाला तो हा एक. आता काही नको. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद आणि तुला पुन्हा एकदा वाकून.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. वर लिहिलं आहे की 'हुश्श करून खुर्चीत बसलो'. खुर्चीत आधीपासून काय होतं ते लिहिलेलं नाही. रुमालात गुंडाळलं होतं, पण रुमालाने काही वाचत नाही. तीन तुकडे झाले. चिरंजीव दातांचेच डॉक्टर आहेत, हे किती बरं! मी येत्या आठवड्यात तुझ्याकडे आठ-दहा दिवस यावं म्हणतो. भेट होऊन बरेच दिवस झाले, हेच मुख्य कारण समज. धाकटीला यातलं काही कळू देऊ नकोस. 'सध्या पातळच बरं वाटतं' असं मी तिला सांगितलं आहे आणि तिचा विश्वास बसला आहे.

ता. क. २. आत्ता उठून पाहिलं तर माझी पिशवी भरून दारात ठेवलेली आहे. वर पाटी. 'बाबा, पाच दिवस तुम्ही बिस्कीट भिजवून खाताय आणि खुर्चीत बसण्याआधी हात फिरवून बघता. आत्याला पत्र लिहिताय म्हणजे दादाकडे जाणार. बरोबर?' खाली लिहिलं आहे, 'कशावरून ते आलंच.' तेव्हा लपवायचं काही उरलं नाही. बुधवारी येतो.

ता. क. ३. खरं म्हणजे पत्र लिहायला बसलो ते एवढं विचारायला, आणि इतकी पानं इकडचं तिकडचं लिहीत राहिलो. त्या दिवशी दालनात तू तिसरी ओळ विसरली होतीस, की आठवत असून तोंड मिटून बसलीस? मी साठ वर्षं पहिलंच धरून चाललो, कारण दुसऱ्याचा राग आला असता. आता नऊ आकडे स्वतः गप्प उभा राहिल्यावर मला दुसरं वाटू लागलं आहे, आणि राग काही येत नाही. आणि मी पदरच्या दोन ओळी म्हटल्या, त्या काय होत्या गं? मला एक अक्षर आठवत नाही. तुला आठवत असतील, तू तर एकटक बघत होतीस. बुधवारी सांग. सावकाश सांग, हवं तर दहापर्यंत मोज. मी मध्ये बोलणार नाही, बोलायला दातच नाहीत. फक्त कशावरून तेही सांग. नुसत्या उत्तराला आमच्याकडे पहिलीच पायरी देतात.